दुहिगोने मिटलेले डोळे

पापुरी नदीवर इंजिनाच्या होडीचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. काठावर कारापाना लोकांची मलोका होती, म्हणजे अख्ख्या कुळाचं एकच थोरलं घर. दुहिगो तिथली सून. आपलीच भाषा बोलणाऱ्याशी ही माणसं लग्न करत नाहीत, म्हणून ती तुकानो बोलणाऱ्या माहेराहून आली होती. बाई रागीट. ती कसाव्याचे कंद किसायला बसली की आज कुणावर बिनसलंय ते पलीकडच्या काठाला कळायचं, असं म्हणतात.

त्या कुळाकडे पाव्यांची एक जोडी होती, माणसाएवढ्या उंचीची. पावे लाकडाचे, पण त्या लोकांच्या लेखी ती पूर्वजांची हाडंच. ते ओढ्याच्या पाण्यात जपून ठेवलेले असत आणि बायकांनी ते कधी पाहायचे नसत.

एकदा पुरुष मासेमारीला लांब गेले असताना बाहेरची माणसं आली. त्यांना हे घर मोडून लोकांना सुट्या झोपड्यांत बसवायचं होतं. पावे सांभाळणारा म्हातारा युपुरी, दुहिगोचा सासरा, आडवा आला. त्यांनी त्याला खांबाला बांधलं, पावे ओढ्यातून उपसले आणि अंगणात फेकले.

त्यांचा म्होरक्या बायकांना म्हणाला, "बघा. नुसती लाकडं आहेत. यांना भीत होता तुम्ही?"

म्हातारा रडू लागला. ते ऐकून दुहिगोच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," ती बायकांना म्हणाली. "पोरींचे डोळे झाका." मग म्होरक्याला म्हणाली, "भीत नव्हतो. मान राखत होतो. ते तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

तिने डोळे मिटले आणि चाचपडत पुढे झाली. एकाने पाठीत काठी घातली. ती थांबली नाही. जोडी कवेत घेऊन, डोळे मिटूनच, ती ओढ्यावरच्या धबधब्याखाली उतरली. तेव्हा पाण्यात पावे आपोआप घुमू लागले, नदी चढली आणि परक्यांच्या होड्या सुपातल्या फोलासारख्या उडाल्या, असं म्हणतात. माणसं जंगलातून पायी पळाली.

दुहिगो वर आली, पण डोळे मिटलेलेच.

"आता उघड, सूनबाई," बायकांनी खांबावरून सोडवलेला युपुरी म्हणाला.

"राग उतरला नाही, बाबा."

ती मरेपर्यंत तो उतरला नाही, असं म्हणतात.

आजही तिथे परकी होडी आली की मलोकेतली सगळ्यांत म्हातारी बाई काठावर येऊन बसते, दुहिगोचं नाव घेते आणि विचारते, "कशाला आलास?" उत्तर तिला पटेपर्यंत होडीची दोरी कुणी धरत नाही. पाहुणा कितीही मोठा असो, उन्हात बसून राहतो.