म्हसूला भांगेची भूक लागते

ढेकळवाडी नावाच्या गावात म्हसू राहायचा. भोळा. म्हणजे किती भोळा? तर कुणी म्हणालं, "जरा दाराकडे लक्ष ठेव," की हा दाराकडेच बघत बसणार. खिडकीतून चोर आला तरी मान वळवणार नाही. लक्ष दाराकडे ठेवायचं होतं ना!

वय तीस. लग्न नाही. आईबाप लहानपणीच गेले, धुरपाआत्यानं वाढवलं. आत्याला एकच ध्यास, म्हसूचं लग्न. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही मोडली. कारण एकच, म्हसूचं खाणं. तिसऱ्या घरी तर यानं पोह्यांची अख्खी कढईच मांडीवर घेतली होती.

आता चौथं स्थळ आलं शेजारच्या गावातून. मुलीचा बाप हरीबा. एकदम रोखठोक माणूस. त्यानं निरोप धाडला, "मुलगा खादाड आहे असं ऐकलंय. शिवरात्रीला दुपारी मुलगी बघायला या. दोन वाट्यांच्या वर खिचडी खाल्ली की विषय संपला. आमची पोर जन्मभर चुलीपुढे बसणार नाही."

शिवरात्रीच्या सकाळी आत्या म्हणाली, "जा, महादेवाला जाऊन ये. आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, लक्षात ठेव."

"कळलं," म्हसू म्हणाला.

म्हसू 'कळलं' म्हणाला की आत्या मनातल्या मनात देवाचा धावा करायची.

देवळात गुरवानं घंगाळभर थंडाई केलेली. दूध, बदाम, बडीशेप, मिरी आणि वाटलेली भांग. त्यानं म्हसूला ग्लास दिला. म्हसू प्यायला. गुरवानं आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "अजून घेतोस?" म्हसूनं घेतला. परत विचारलं, परत घेतला. सहाव्या ग्लासाला गुरवच घाबरला.

"अरे बाबा, नाही म्हण की!"

"प्रसादाला नाही म्हणायचं नसतं."

आधी म्हसू तासभर घंटेकडे बघून हसला. मग त्याला भूक लागली. साधी नाही, राक्षसी. देवापुढची केळी खाल्ली. रताळी खाल्ली. बेलाची पानं खाल्ली. मग तो नंदीकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघायला लागला, तेव्हा लोकांनी त्याला उचलून भाऊतात्या वैद्याकडे नेलं.

"तात्या, पोटात वणवा पेटलाय!"

तात्यांनी पोटावर टिचकी मारली. "हे तर नगाऱ्यासारखं टम्म आहे! किती प्यायलास?"

"सहा."

"अरे देवा. नीट ऐक. पोटाला भूक नाहीये. भांग डोक्यात शिरते आणि चहाडी करते, की खाली पोट रिकामं पडलंय. डोकं बिचारं खरं मानतं. वर नाक तेज होतं, वास दुप्पट येतो, साधी भाकरीसुद्धा पेढ्यासारखी लागते. मग माणूस खातच सुटतो."

"चहाडी कोण करतं म्हणालात?"

"भांग."

"आपल्याच गावातली का?"

तात्यांनी कपाळाला हात लावला. "उपाय सांगतो तेवढा ऐक. भूक लागली की आधी तांब्याभर पाणी. मग अर्धा तास शांत बसायचं. घाई करायची नाही."

"कळलं," म्हसू म्हणाला.

घरी जाताना शेवंताकाकूंनी हाक मारली. "म्हसू, वासरू भुकेनं ओरडतंय रे. जरा बघ त्याच्याकडे, मी आलेच."

म्हसूनं वासराला पाणी पाजलं. मग त्याच्याशेजारी शांत बसला. वासरू हंबरलं. म्हसूनं त्याला समजावलं, "अर्धा तास. घाई करायची नाही."

वासराला एवढा वेळ नव्हता. त्यानं म्हसूच्या सदऱ्याची एक बाही खाल्ली. मुलगी बघायला जायचं म्हणून शिवलेला नवाकोरा सदरा!

शेवंताकाकू आल्या आणि किंचाळल्या. "अरे येड्या! जीव भुकेला दिसला की पाणी पाजत बसतात का? सरळ तोंडात घास घालायचा!"

"कळलं," म्हसू म्हणाला.

पुढे पारावर पाटलांच्या आक्का जप करत बसलेल्या. वय ऐंशी. शिवरात्रीचा निर्जळी उपवास, चाळीस वर्षं न चुकता. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. म्हसूनं ओळखलं. जीव भुकेला आहे.

त्याच्या हातात कागदात बांधलेली कांदाभजी होती. स्टँडवरच्या गाड्यावरून स्वतःसाठीच घेतलेली, गरमागरम.

आक्कांनी जांभई द्यायला तोंड उघडलं.

आणि म्हसूनं सरळ तोंडात घास घातला.

"मुडद्या!" आक्का भरल्या तोंडानं ओरडल्या. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं रे!" काठी घेऊन त्या मागे धावल्या. तशी भजी त्यांनी आधी गिळली, मग धावल्या.

म्हसू पळत पळत परत तात्यांच्या ओट्यावर. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला समोर बसवलं. मग म्हणाले, "हे बघ म्हसू, शेवटचं सांगतो. खायची वस्तू नजरेसमोर ठेवूच नये. एखादीवर फारच जीव जडला ना, की तिला हात लावायचा नाही. शेजाऱ्याला देऊन टाकायची. आणि त्याला बजावायचं, मी मागायला आलो तरी परत देऊ नकोस."

"शेजाऱ्यालाच?"

"शेजाऱ्यालाच! आणि पुढच्या वर्षी तो पहिला ग्लासच घेऊ नकोस."

"कळलं."

आणि काय सांगू, हे एकदम जमलं! म्हसूचा शेजारी म्हणजे निवृत्ती. शांत, कामसू, एकटाच राहायचा, स्वतःचं स्वतः रांधून खायचा. म्हसूनं घरी जाऊन लाडवांचा डबा त्याला दिला. गुळाची ढेप दिली. शेंगदाण्याची बरणी दिली. "मागायला आलो तरी देऊ नकोस," म्हणाला. निवृत्ती म्हणाला, "बरं." अर्ध्या तासात म्हसू तीनदा मागायला गेला. निवृत्तीनं तीनदा हाकलला.

आत्यानं हे बघितलं आणि तिला हायसं वाटलं. म्हणाली, "निवृत्ती, तू पण चल बाबा आमच्याबरोबर. याच्या शेजारीच बस."

दुपारी तिघं हरीबाच्या घरी पोचले. म्हसूच्या सदऱ्याला एकच बाही, पण तो विषय कुणी काढला नाही.

आतून खिचडी आली. जिऱ्याची तुपातली फोडणी, वर दाण्याचं कूट, कडेला बटाट्याची खमंग भाजी. भांग अजून उतरली नव्हती. तो वास म्हसूच्या नाकातून थेट टाळूपर्यंत गेला. हरीबा टक लावून बघत होता. आत्यानं डोळे मिटले.

म्हसूनं ताटली उचलली आणि निवृत्तीला दिली.

"घ्या ना पाव्हणं," हरीबा म्हणाला.

"नको. फार जीव जडलाय तिच्यावर."

हरीबाच्या भुवया वर गेल्या. त्यानं वऱ्याचे तांदूळ आणि आमटी मागवली. म्हसूनं निवृत्तीला दिली. राजगिऱ्याचे लाडू आले. निवृत्तीला. निवृत्ती बिचारा खाऊन खाऊन घामाघूम झाला.

हरीबानं मांडीवर थाप मारली. "वा! लोक काहीही बोलतात हो! एवढं पुढ्यात आलं आणि पोरानं शितालासुद्धा हात लावला नाही! आत्याबाई, आमच्याकडून होकार समजा. कौतिका, बाहेर ये गं!"

आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीन स्थळं मोडल्यावर चौथं जुळलं होतं.

कौतिका बाहेर आली. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू, गालात दाबलेलं हसू. म्हसूचा श्वास अडकला. छातीत धडधड. असं तर त्याला खिचडी बघूनही झालं नव्हतं.

"काय मग?" हरीबानं विचारलं. "पसंत आहे का आमची पोर?"

"फार," म्हसू म्हणाला. "इतका जीव कशावरच जडला नव्हता कधी."

हरीबा हसला. आत्या हसली. कौतिका लाजली.

म्हसू उठला, निवृत्तीपुढे उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "निवृत्ती, हिला तू घे. आणि मी मागायला आलो तरी परत देऊ नकोस."

आत्यानं परत डोळे मिटले.

पहिली बोलली ती कौतिका. तिनं म्हसूकडे बघितलं, त्याच्या एका बाहीकडे बघितलं, मग निवृत्तीला विचारलं, "भाकरी थापता येते का?"

"रोजच थापतो," निवृत्ती म्हणाला.

"बाबा," कौतिका म्हणाली, "मला हे पसंत आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भांग उतरली. म्हसूचं डोकं लख्ख झालं आणि काय झालं ते त्याला आठवलं. तो तसाच अनवाणी निवृत्तीच्या दारात पळाला.

"निवृत्ती! अरे, माझी कौतिका परत दे!"

निवृत्तीनं दार जरासं उघडलं. "तूच बजावलंस ना, मागायला आलास तरी द्यायची नाही म्हणून?"

म्हसूनं बराच वेळ विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं निवृत्तीच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"शाब्बास! लाडवांच्या वेळीही असाच ठाम राहिला होतास!"