ठकाईची तरवडं

गिरणीत पारूवहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "ठकाईची तरवडं म्हणे बोरखिंडीच्या पल्याडही आहेत, आणि टोकाला त्या दोघांच्या समाध्या..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं त्या आवाजात बुडालं. मला काही चैन पडेना.

ज्यांना ठकाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी तिचं सांगते.

आपल्या आज्यांच्या आज्या परकरात होत्या, तेव्हा आमच्या वाडीत मायाप्पा धनगर आणि त्याची बायको ठकाई राहायची. घरात तिसरं माणूस नाही. दसरा झाला की मायाप्पा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. त्या साली त्याची नजर अधू झाली होती. निघताना म्हणाला, "आता पिवळं तेवढं दिसतं बघ. बाकी सगळा धूर."

आखाडात मेंढरं परतली, सोबत गेलेला दीर परतला. मायाप्पा नाही. एक मेंढी चुकली म्हणून तो मागं राहिला होता.

ठकाईला घोर लागला, ह्यांना वाट दिसणार कशी? खुणेला दगड रचावेत, तर लोक बांधाला उचलून नेतात. बाभळ लावावी, तर शेरडं खातात. तरवडाला मात्र कुणी तोंड लावत नाही, माळावर पाण्याविना जगतं, आणि फूल पिवळंधमक. तिनं शेंगा पदराच्या ओट्यात घेतल्या आणि वाटेच्या कडेनं बी टोकत निघाली. सकाळी टोकलेलं बी ती संध्याकाळी परतेपर्यंत फुललेलं असायचं, असं म्हणतात.

पण दिवेलागणीला घरी यावंच लागे. ते आले आणि दारात अंधार असला तर? म्हणून अर्ध्या दिवसात जाववेल तेवढीच तिची रांग. ती बोरखिंडीत येऊन थांबली.

"ठके, मेंढरंसुद्धा विसरली त्याला," शेजारची बायजा म्हणायची.

"मेंढरांचे ते लागतात कोण?" ठकाई म्हणायची.

अशी बारा वर्षं गेली, असं म्हणतात. एका सकाळी ती बायजाच्या दारात आली. "बायजे, आज माझ्या दारात दिवा लावशील?"

"लावते की. पण ये लवकर."

ती आली नाही. बायजानं दुसऱ्या दिवशीही दिवा लावला, तिसऱ्याही. तिच्यामागं तिच्या सुनेनं लावला. आता ठकाईच्या घराचं नुसतं जोतं उरलंय, पण वाडीनं घरटी पाळी लावलीय. इतक्या वर्षांत तिथं एकदाही अंधार पडला नाही, असं म्हणतात.

तर परवा मी दुधाच्या टेम्पोनं खिंडीत गेले आणि पुढं चालत सुटले. पल्याड तरवडं होती. खरंच होती, एका ओळीत. मी दोन टेकड्या ओलांडल्या. शेवटच्या झाडापाशी समाधी सोडा, रचलेला दगडही नव्हता. पुढं उघडा माळ, आणि वारा.

जरा टेकले असते तिथं. पण त्या दिवशी दिव्याची पाळी आमच्या घराची होती, म्हणून उठले.