नऊ वॅटचा दिवा

"मग माझं चुकलं कुठं, उस्ताद?"

शांतिनाथ मगदूमनं कागद पुढं सरकवला. दस्तगीर उस्तादांनी तो उचलला नाही. मांडीवरच्या पंख्यात तांब्याची तार भरत राहिले.

चाळीस वर्षं त्यांनी जळालेल्या मोटारींत अशी तार भरली होती. गावातल्या निम्म्या वायरमनांना हाताला धरून शिकवलं होतं. बायको गेल्यावर ते गावाबाहेरच्या तकियात, फकिरांच्या जुन्या ठिकाणी येऊन राहिले. खोलीला एक दार. खिडकी नाही. विजेची जोडणीही त्यांनी घेतली नव्हती.

शांतिनाथ त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. कुठल्याही घरात शिरला की नुसत्या नजरेनं सांगायचा, फ्रीज इतकं खातो, मिक्सर इतकं, महिन्याला इतके युनिट पडणार. आणि तेवढेच पडायचे. मगदूमनं आकडा दिला की गावात कुणी दुसऱ्याला विचारत नसे. ते त्याच्या कानाला गोड लागायचं.

"वाचून दाखव," उस्ताद म्हणाले.

"ऑक्सिजनचं मशीन, साडेतीनशे वॅट. बॅटरी दीडशे अँपिअरची. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा केली तर हातात चौदाशे वॅट-तास राहतात. चौदाशे भागिले साडेतीनशे. चार तास."

"आणि चाललं किती?"

"...एक तास चाळीस मिनिटं."

उस्तादांचा हात थांबला.

माणूस गेला होता. अण्णाप्पा हुल्ले. सारी हयात यंत्रमागावर काढलेली, सुताचा धुरळा छातीत बसलेला. दोन वर्षं नाकात नळी होती. लाइट गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून शांतिनाथनंच इन्व्हर्टर बसवून दिला होता, आणि भिंतीवर लाल पेननं लिहिलं होतं : 'चार तास. मशीनशिवाय दुसरं काहीही लावू नये.'

गेल्या मंगळवारी दिवस मावळताना वावटळ सुटली, खांब पडले. घरात अण्णाप्पा आणि त्यांची बायको राजाक्का, दोघंच. मोबाईल मुलाकडं, मुलगा गिरणीत. शेजारचा माणूस पळत गिरणीत गेला. मुलगा म्हणाला, मगदूमनं चार तास सांगितलेत, पाळी संपवून सिलिंडर घेऊनच येतो.

"साडेतीनशे तू मोजलेस, की वाचलेस?" उस्तादांनी विचारलं.

"मशीनच्या मागं पाटी असते, तिच्यावर..."

"मोजलेस?"

"...वाचले."

"आणि आता?"

"काल मोजले. चारशे तीस खातंय. जाळीत धूळ अडकलीय. बॅटरीही दोन वर्षांची झाली, निम्मीच उरलीय."

"दोन वर्षांत तिकडं किती वेळा गेलास?"

शांतिनाथ कागदाची घडी घालू लागला.

"चुकलं कुठं ते तुला ठाऊक आहे," उस्ताद म्हणाले. "मग दोन कोस उन्हातून मला काय विचारायला आलास?"

"राजाक्कानं मला एक विचारलं, उस्ताद... तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो होतो. वाटलं होतं, मुलगा गचांडी धरेल. त्यानं पाणी दिलं. ती कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं मी. पंखा लावला नाही. दिवा लावला नाही. वाऱ्यानं धूळ येत होती म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. ऑक्सिजन चालू, म्हणून काडीसुद्धा ओढली नाही. ते तीनदा म्हणाले, अगं दिवा लाव, तुझं तोंड दिसंना झालंय. मी म्हटलं, गप पडा, बॅटरी संपेल..."

"मग?"

"मग मशीन थांबलं. त्यानंतर दहा मिनिटं, म्हणाली. त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले मी, म्हणाली. हात खालीवर व्हायचा थांबला तेव्हा कळलं."

"आणि विचारलं काय?"

"तो दिवा लावला असता, तर किती मिनिटं कमी झाली असती?"

उस्तादांनी पंखा खाली ठेवला. "किती?"

"नऊ वॅटचा दिवा. शंभर मिनिटांत पंधरा वॅट-तास."

"मिनिटं सांग."

"...दोन."

"तिला सांगितलंस?"

"नाही. म्हटलं, बघून सांगतो." शांतिनाथनं पहिल्यांदाच मान वर केली. "तेच विचारायला आलोय. दिव्यानं अर्धा तास गेला असता असं सांगितलं, तर तिच्या जिवाला शांतता मिळेल. आपण केलं ते बरोबर केलं, असं वाटेल तिला. दोन मिनिटं म्हणालो तर ती जन्मभर..."

उस्ताद उठले. दार ओढून घेतलं. आतून कडी घातली.

बाहेर दुपार होती. आत काळामिट्ट अंधार झाला.

"उस्ताद?"

सुरुवातीला त्याला वाटलं, म्हातारा काहीतरी सांगणार. मग वाटलं, थोड्या वेळानं दार उघडेल. मग काहीच वाटेनासं झालं. समोरून फक्त श्वास ऐकू येत होता. आत जाताना घरघर, बाहेर येताना बारीक शीळ. किती वर्षांचे आहेत उस्ताद? पंच्याऐंशी? मधेच तो श्वास अडला... शांतिनाथ पुढं झुकला, चाचपडला. हाताला भिंत लागली. पुन्हा घरघर सुरू झाली. तो जागच्या जागी बसला आणि एकेक श्वास मोजू लागला. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. एकदा तो ओरडलाही, "उस्ताद, पुरे!"

कडी निघाली तेव्हा ऊन पायरीवरून उतरून गेलं होतं.

शांतिनाथनं आधी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. पाहतच राहिला.

"किती वीज वाचवलीस?" उस्तादांनी विचारलं.

कागद तिथंच टाकून शांतिनाथ निघाला. राजाक्काच्या घरी पोचला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तो उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं. पाटी वाचली, मोजलं नाही. दोन वर्षांत एकदाही आलो नाही. चार तास हा आकडा खोटा होता. दिवा लावला असता तर दोन मिनिटं गेली असती.

"दोनच?" ती म्हणाली.

"दोनच."

तिनं सूप बाजूला ठेवलं. भिंतीवरच्या लाल अक्षरांकडं पाहिलं. मग उठली, आत गेली आणि मधलं दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही. कसलाच आला नाही. शांतिनाथ दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर बसून होता. मुलगा आला, म्हणाला, "तुम्ही जावा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तकियात आला. उस्ताद तार भरत होते.

"सांगितलं," तो म्हणाला. "सगळं सांगितलं. खरं तेच."

"बरं."

उस्ताद आणखी काही बोलतील म्हणून तो दाराशीच उभा राहिला.

"पण उस्ताद... मला काही हलकं वाटत नाही हो."

उस्तादांनी तार दातानं तोडली.

"तुला हलकं वाटावं म्हणून कुणी पाठवलं होतं?"