काळ्या जिभेचा पाहुणा

एकदा एक तरुणी मनुष्याच्या मुखातून निघणाऱ्या ध्वनींचे शास्त्र शिकून दूरच्या विद्यापीठातून मायदेशी परतली. तिला वाटले होते, डोंगरातल्या त्या वस्तीत आपण पोहोचलो की माणसे आनंदाने भोवती जमतील. आजवर कुणी न लिहिलेली आपली बोली लिहायला कुणी आले, याचे त्यांना अप्रूप वाटेल. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला आली शाळेमागची एक रिकामी खोली, एक चूल, आणि ती दिसताच हलक्या आवाजात उरकली जाणारी बोलणी.

तिचे कान तयार होते. कुंपणापलीकडून आलेला शब्द ती अचूक लिहून घेई, आणि आता तिला त्यांचे बहुतेक बोलणे कळतही असे. पण स्वतः ती त्या बोलीत एक वाक्यही बोलली नव्हती. त्या बोलीत एक वर्ण होता. जीभ मागे वळवून टाळूला निमिषभर शिवायची आणि सोडायची. खोलीत एकटीने शेकडो वेळा घोकूनही तो तिला साधेना. जिचे शास्त्रच उच्चाराचे, तिने चारचौघांत चुकीचा उच्चार करावा, हे तिला पाप वाटे. म्हणून ती मराठीतच बोले, आणि तेही केवळ प्रश्न विचारण्यापुरते. काही दिवस तर असे गेले, की दिवसभरात तिच्या तोंडून दहा शब्दही निघाले नाहीत.

तो वर्ण नेमका कुठे घडतो हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. बोलणाऱ्याच्या जिभेला कोळशाची पूड तेलात कालवून लावतात, त्याला शब्द एकदाच म्हणायला सांगतात, आणि टाळूवर उमटलेला डाग आरशात पाहतात. तिने ही विनंती वस्तीतल्या सोमाय नावाच्या वृद्धेला केली. सोमाय मागे सरकली. “नको बाई. काळ्या जिभेनं बोललेलं खरं होतं. माझ्या तोंडून वाकडं निघालं तर कुणाच्या घरावर जाईल?”

त्या दिवसापासून तिच्या खोलीकडे कुणी फिरकले नाही. विद्यापीठाने महिनाअखेरपर्यंत तिची जागा राखून ठेवली होती. इथले काम जमले नाही, तर तिने परत जावे, असे ठरले होते. तिने ट्रंक भरली, आणि ज्यांनी तिला या शास्त्राचे पहिले धडे दिले आणि जे वर्षानुवर्षे या वस्तीत येत-जात असत, त्या वृद्ध गुरूंना पत्र लिहिले, “सर, मी हरले. परत जाते आहे.”

चौथ्या दिवशी सर एसटीने आले. त्यांनी भरलेल्या ट्रंकेकडे पाहिले. दुपारी ते तिला घेऊन सोमायच्या अंगणात गेले. तिथे पाच-सहा बायका मोहाच्या बिया फोडत बसल्या होत्या. सरांनी चुलीतला विझलेला कोळसा मागून घेतला, दगडावर बारीक वाटला, त्यात तेल घातले, आणि बोटाने स्वतःच्याच जिभेला फासला.

“अगं आई! मास्तर, शाई प्यालास काय?” एक बाई ओरडली.

“थांबा गं,” सोमाय म्हणाली. “जीभ काळी झालीय त्याची. आता बोलेल ते खरं होईल. मास्तर, आमच्यासाठी चांगलं काहीतरी बोल!”

सरांनी थोडा विचार केला, आणि वस्तीच्या बोलीत सावकाश म्हटले, “तुमच्या कोंबड्यांची सगळी पिल्लं जगोत.” पिल्लासाठी त्या बोलीत जो शब्द होता, त्यात नेमका तो वर्ण होता. रेडकाला ठसका लागावा, तसा तो निघाला.

“हे ऐकून जगतील कसली? आहेत तीही पळतील!” अंगण हसून लोटपोट झाले. मग प्रत्येकीने तो शब्द म्हणून दाखवला. सरांचे पुन्हा चुकले. शेवटी सोमायने सूप बाजूला सारले, त्यांच्या पुढ्यात येऊन बसली, मोठा आ वासला आणि बोटाने दाखवले. “इथं, मास्तर. नुसतं शिवायचं नि सोडायचं. तुझी जीभ म्हातारी झाली बघ.”

“तुझी कुठे तरणी आहे?”

पुन्हा हशा. जे पाहण्यासाठी तरुणी तीन आठवडे झुरत होती, ते दोन हातांवर उघडे होते. पण ती वही घेऊन कुंपणाशी उभी होती, आणि तिला हसताही येईना. हसायलासुद्धा कुणाच्या तरी शेजारी बसलेले असावे लागते.

संध्याकाळी सर खोलीबाहेर चूळ भरत होते. तिने विचारले, “सर, तुम्ही मुद्दाम चुकलात ना? माणसं मोकळी व्हावीत म्हणून?”

“नाही गं. मला तो वर्ण येतच नाही. चाळीस वर्षं प्रयत्न करतोय.”

“पण वर्गात तर तुम्हीच...”

“वर्गात मी त्याचं वर्णन करत असे. ते मला उत्तम येतं.” त्यांनी तोंड पुसले. मग ते म्हणाले, “आपलं तोंड उघडून आतलं दुसऱ्याला दाखवणं ही लहान गोष्ट नव्हे. माणूस ते वैद्यापुढे करतो, नाहीतर आपल्या माणसापुढे. तू त्यांच्याकडे ते मागितलंस आणि स्वतःचं तोंड मिटून ठेवलंस. चूक होईल म्हणून. अगं, मूल चुकतं म्हणूनच सगळं घर त्याच्याशी बोलत बसतं. तुझी एकही चूक यांच्या हाती लागली नाही. मग तुझ्याशी बोलायचं कशाला?”

तिने हळूच विचारले, “आणि हसले तर?”

“हसतीलच. मला हसले, आणि मग भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी आली. सरांनी आपली पिशवी आत ठेवली आणि ट्रंक उचलायला वाकले. तिने ट्रंकेवर हात ठेवला.

“ही राहू द्या. विद्यापीठाला मी कळवते.”

गाडी वळणाआड गेल्यावर ती सोमायच्या अंगणात गेली. हातात वही नव्हती. तिने त्यांच्या बोलीत विचारले, “मी इथं बसू का?” वाक्य मधेच अडखळले, तो वर्ण तर पार फसला. बायकांचे हात थांबले. एकीला हसू आवरेना.

सोमाय थोडी सरकली, शेजारची जागा हाताने झाडली आणि म्हणाली, “बस. आता नीट म्हण.”