पुढच्या वर्षीचा नारळ

संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले दरवर्षी शाळेत यायचे, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या जागेवर नारळ फोडायचे आणि भाषण ठोकून निघून जायचे. पुढं एक वीटही हलायची नाही.

यंदा नारळ फोडून ते थेट नववीच्या इंग्रजीच्या तासाला येऊन बसले. म्हणाले, "भविष्यकाळाचं एक वाक्य सांगा. मात्र खात्रीनं घडेल असंच हवं. व्याकरण चुकलं, तर तुमच्या बाईंना घरी बसवतो."

घाटगेबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. तेवढ्यात मालन उठली आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, "साहेब, पुढच्या वर्षीही तुम्ही इथं नारळ फोडाल."

बाईंनी मनातल्या मनात वाक्य तपासलं. व्याकरणात खोट नव्हती. ते खोटं पाडायला तात्यासाहेबांपुढं एकच वाट उरली होती.

सोमवारी शाळेच्या फाटकात विटांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला.