टिटवीचा पायी प्रचार

एका जंगलात, तळ्याच्या काठावर उघड्या खडीत अंडी घालून एक टिटवी राहत असे. घरटं म्हणाल तर थोडे खडे इकडचे तिकडे केलेले, बस्स! त्या वर्षी तळ्याचा राखणदार निवडायचा होता. डुकरांचा म्होरक्या म्हणत होता, "मी आलो की सगळा काठ लोळायला मोकळा!" त्याच्यासमोर उभं राहिलेलं सांबर म्हणत होतं, "पिल्लं बाहेर पडेपर्यंत काठावर कुणी पाय ठेवायचा नाही." टिटवीची चार अंडी त्याच काठावर होती. डुकरं जिंकली तर अंड्यांचा चेंदामेंदा ठरलेला, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डोंगरावरचे सगळे सांबराचे आणि लव्हाळ्यातले सगळे डुकरांचे, हे नेहमीचंच. निकाल लागे तो मधल्या माळावरच्यांमुळे. ते कधी इकडे, कधी तिकडे आणि बहुतेक वेळा कुठेच नाहीत, आपापल्या बिळात! मतदानाची रीत अशी होती : वाघ दुपारी झोपतो, म्हणून दुपारीच सगळ्यांनी कोरड्या ओढ्यापाशी जमायचं. ज्याला मत द्यायचं, त्याच्या बाजूच्या काठावर उभं राहायचं. मोहाच्या झाडाची सावली बुंध्याशी आली की म्हातारं वानर डोकी मोजायला लागे. नंतर आलेल्यानं घरी परत जायचं.

डुकरांनी माळावर कंदांची जेवणावळ घातली. टिटवीपाशी कुठले आलेत कंद? तिच्यापाशी होता फक्त गळा. ती माळावर घिरट्या घालत ओरडू लागली, "या हो, या! काठ वाचवा! सांबराला मत द्या!" आता बालमित्रांनो, टिटवी ओरडली की जंगलात त्याचा अर्थ एकच : पळा, शिकारी आला! ससे बिळात घुसले, तितर झुडपात दडले, कासवानं मान आत घेतली. टिटवी जितकी जोरात ओरडे, तितका माळ रिकामा होई. आणि ही बाई समजली काय, तर सगळे डुकरांना फितूर झाले!

"मेल्यांनी कंद खाल्ले आणि मला तोंडही दाखवत नाहीत!" ती घरी येऊन फणफणली.

टिटवा अंड्यांवर बसला होता. तो हळूच म्हणाला, "अगं, तू ओरडलीस तेव्हा मीसुद्धा अंग चोरून बसलो होतो."

टिटवीला स्वतःची लाज वाटली. मग ती उठली आणि पंख मिटून, चालत माळावर गेली.

साळिंदर बिळाच्या तोंडाशी घोरत होतं. टिटवीनं त्याला हलवून विचारलं, तर ते जांभई देत म्हणालं, "मत आहे की सांबरालाच! पण टिटवीबाई, दुपारी मी झोपेत असतो. उठवणार कोण?"

"मी येईन, दादा."

तितर म्हणाले, "उघड्या माळावर घार टिपते आम्हाला."

"मग सशांबरोबर करवंदीच्या जाळ्यांआडून या. त्यांना वाट ठाऊक आहे."

कासव म्हणालं, "मी पोचतो तेव्हा वानर घरी गेलेलं असतं."

"तुम्ही उजाडतानाच निघा, काका. मी सोबतीला थांबते."

एक ससा मात्र ओशाळून म्हणाला, "पण आम्ही तर डुकरांचे कंद खाल्लेत हो!"

"पचले ना? मग झालं तर!" टिटवी म्हणाली आणि पुढच्या बिळाकडे वळली.

मतदानाचा दिवस उजाडला. ओढ्याचा एक काठ डुकरांनी आणि लव्हाळ्यातल्यांनी भरून गेला. दुसऱ्या काठावर डोंगरावरचे होते, पण जागा अजून बरीच मोकळी होती. मोहाची सावली आखडत चालली. लांब करवंदीच्या जाळीत हालचाल दिसत होती, पण किती हळू! "लवकर या!" अशी आरोळी टिटवीच्या अगदी चोचीपर्यंत आली. पण एक आरोळी आणि सगळे उलट पावली बिळात! तिनं चोच घट्ट मिटली.

अखेर जाळीतून ससे बाहेर पडले, त्यांच्यामागून तितर आले. टिटवीनं सकाळीच उठवून ठेवलेलं साळिंदर डोळे चोळत आलं. कासव तर आधीच पोचून मोहाखाली पेंगत होतं. सगळे सांबराच्या काठावर उभे राहिले आणि सावली बुंध्याशी टेकली. वानरानं डोकी मोजली. सांबर जिंकलं.

म्होरक्या खवळला. "माझे कंद खाऊन त्या काठावर उभे राहता?"

"कंद झकास होते हो," साळिंदर म्हणालं. "पण आम्ही इथवर येणार कसे, हे तुम्ही कुठं विचारलंत?"

सांबरानं भाषण केलं. आपल्या शिंगांचा रुबाब पाहूनच लोक आले, असं त्याला वाटत होतं. ते ऐकायला टिटवी थांबली नाही.

पुढे अंडी फुटली, पिल्लं पायावर उभी राहिली. एके दिवशी टिटवी त्यांना घेऊन साळिंदराच्या दारात आली.

"आता काय गं? निवडणूक तर झाली!" साळिंदर दचकून म्हणालं.

"मत मागायला नाही आले, दादा. ही बघा, चारही आहेत."

साळिंदराची झोपच उडाली. त्यानं आपले सगळे काटे अंगाशी मिटून घेतले आणि ते म्हणालं, "या रे, जवळ या."

तात्पर्य : ज्याची साथ हवी, त्याला दुरून हाका मारत बसू नये, त्याच्या दारी जाऊन त्याची अडचण विचारावी, ती सोडवावी, आणि काम झाल्यावरही ते दार विसरू नये.