हत्तीची सर्दी आणि आलेपाकाचा भाव

राजपुत्र पुन्हा झोपला!

हेरंबशास्त्री त्याला अर्थशास्त्राचा पहिला धडा शिकवत होते. वर्षभर पहिलाच धडा चालू होता, कारण 'मागणी आणि पुरवठा' हे शब्द कानावर पडले की राजपुत्र वीरभान घोरायलाच लागायचा. शास्त्रीबुवांनी आवाज चढवून पाहिला, पोथी आपटून पाहिली, शेवटी स्वतःच एक डुलकी काढली. काही उपयोग नाही!

तेवढ्यात खिडकीखाली हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! जत्रेत बैल उधळला, पाटलांचं पागोटं शिंगावर घेऊन पळाला!"

राजपुत्र ताडकन उठून खिडकीला लोंबकळला. "कुठल्या पाटलांचं गं? सापडलं का?"

हे नेमकं राजा उदाजीने पाहिलं. राजा महाहट्टी. एकदा तोंडातून शब्द गेला की तो कितीही चुकीचा असो, परत घ्यायचा नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. त्याने दवंडीवालीला समोर बोलावलं.

"नाव काय तुझं?"

"धुरपा, म्हाराज. बापाचा घसा बसला, तवापासनं दवंडी मीच देते."

"माझा मुलगा शास्त्रींचं ऐकत नाही, तुझं ऐकतो. तेव्हा आता तूच त्याला अर्थशास्त्र शिकव! वस्तू महाग का होते, स्वस्त का होते, हे त्याला उद्या भरदरबारात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर तुझी हलगी सरकारजमा आणि दवंडी कायमची बंद!"

धुरपाने हलगी छातीशी धरली. हलगी गेली तर खायचं काय? "म्हाराज, मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई!"

"ते मला सांगू नकोस!"

"बरं," धुरपा जरा विचार करून म्हणाली. "मग बाळराजांना माझ्यासंगं बाजारात धाडा. आन् आजची ताजी बातमी काय ती सांगा."

"बातमी? आमच्या हत्तीला सर्दी झालीय. वैद्यांनी आल्याचा काढा सांगितलाय. मिळेल तेवढं आलं राजवाडा विकत घेणार, अशी दवंडी दे!"

धुरपाचे डोळे चमकले. वीरभानला आलेपाकाचं भयंकर वेड होतं, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

बाजाराच्या पहिल्या गल्लीत धुरपाने हलगी वाजवून हत्तीची बातमी सांगितली. मग राजपुत्राने आलेपाकवाल्यापुढे पैसा धरला. आलेपाकवाल्याने त्याच्या हातावर एक वडी ठेवली. तीही तुटकी!

"काल याच पैशाला मूठभर दिल्या होत्यास!"

"काल हत्ती बरा होता, युवराज!"

वीरभान लालबुंद झाला. "धुरपा, याच्या टोपलीत आलं कालच्याइतकंच आहे! मग महाग का?"

"कालच्याला गिऱ्हाईक तुमी हुता. आज हत्ती हाय. त्याची सोंड बघितली न्हवं?"

दुसऱ्या गल्लीत हलगी वाजली आणि तिथेही तेच झालं. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मात्र राजपुत्राने धुरपाचा हात धरला. "थांब! अजून वाजवू नकोस!" तो धूम पळत पुढे गेला. तिथे हत्तीची शिंक अजून पोचली नव्हती, भाव कालचाच होता. त्याने शेला भरून आलेपाक घेतला आणि भरल्या तोंडाने ओरडला, "वाजव आता!"

हलगी वाजली. त्याच्या डोळ्यांदेखत भाव चढला. मग पठ्ठ्याने अर्ध्या वड्या त्याच दुकानदाराला दुप्पट भावाने विकल्या. आणि दुकानदाराने घेतल्याही!

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. राजाने विचारलं, "बाळराजे, आलं का महागलं? पीक बुडालं का?"

"नाही, आबासाहेब! आलं होतं तेवढंच आहे, घेणारा हत्ती वाढला. आणि काढा अजून चुलीवरसुद्धा नव्हता, तेव्हाच नुसत्या बातमीने भाव चढला!"

"हीच मागणी! हाच पुरवठा!" हेरंबशास्त्रींचे डोळे भरून आले. शिष्य हे शब्द ऐकूनही जागा होता!

राजाला मात्र हरणं सोसेना. "हे पाठ करून घेतलं असेल! छातीठोक सांगा, उद्या आलं महाग होणार की स्वस्त? नाहीतर हलगी जमा!"

उद्याचं कोण सांगणार? वीरभानने धुरपाकडे पाहिलं. धुरपा पुढे आली आणि फक्त राजा-राजपुत्रांनाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली,

"म्हाराज, उद्याचा भाव तर तुमच्याच तोंडात हाय! नुसतं म्हणा, घोडा बी शिंकला. मग बघा बाळराजे काय सांगत्यात ते."

राजाने नाक मुरडलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "आमचा घोडाही शिंकला!"

त्याच क्षणी प्रधानांना घरी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. सेनापतींच्या पोटात कळ आली. खजिनदार तर काही न बोलताच सटकले. दाराशी जोड्यांसाठी ही झुंबड! हेरंबशास्त्री एका पायात स्वतःची खडाव आणि दुसऱ्या पायात कोतवालाचा जोडा घालून बाजाराच्या दिशेने धावले. बघता बघता दरबार ओस पडला. राजपुत्र तेवढा जागच्या जागी वडी चघळत बसला होता.

"तू नाही पळालास?" राजाने विचारलं.

"कशाला, आबासाहेब? आता सगळेच घेतायत, म्हणजे भाव आभाळाला भिडणार. घोडा ठणठणीत आहे हे कळलं, की हेच लोक पोतीच्या पोती विकायला काढतील. उद्या आलं मातीमोल! मी उद्याच घेईन."

राजा इतका हसला, इतका हसला, की मुकुट घसरून नाकावर आला. त्याने धुरपाच्या हलगीला चांदीचं कडं चढवलं, राजपुत्राची गुरू म्हणून तिला सालाचा पगार बांधून दिला, आणि रोजची ताजी बातमी आधी राजवाड्यात सांगायचा मान दिला.

"मग म्हाराज, घोडा शिंकला न्हाई, ही दवंडी आत्ताच देऊ?" धुरपाने हलगी उचलत विचारलं.

"थांब गं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आधी प्रधानांना दोन पोती घेऊ दे!"